‘होते’चे ‘असते’ कसे झाले? स्पॅनिशमधील दोन रूपांची कहाणी

१/ स्पॅनिश शिकणाऱ्या प्रत्येकापुढे एक दुहेरी तक्ता येतो. ‘पैसे असते तर’ हे ‘सि तुबिएरा दिनेरो’ असेही म्हणता येते आणि ‘सि तुबिएसे दिनेरो’ असेही. पाठ्यपुस्तके सांगतात: अर्थ एकच, हवे ते निवडा. बोलण्यापुरते हे उत्तर पुरेसे आहे. इतिहास वाचणाऱ्यासाठी मात्र ते अपुरे, प्रसंगी घातकही आहे. 🧵

२/ ही रूपे जुळी भावंडे नाहीत. त्यांची कुळे वेगळी. ‘आमासे’ हे लॅटिनमधील ‘आमाविस्सेम’ या रूपातून आले. ते प्रथमपासूनच इच्छा, शंका, अट सांगणारे, म्हणजे ‘असते’च्या गोत्राचे. ‘आमारा’ मात्र ‘आमावेराम’मधून आले. त्याचा अर्थ सरळ होता: ‘प्रेम केले होते’.

३/ इ.स. १२००च्या सुमारास रचल्या गेलेल्या ‘कांतार दे मिओ सिद’ या वीरकाव्यात ‘-रा’ हे रूप बहुधा याच जुन्या अर्थाने येते. घडून गेलेली गोष्ट सांगण्याचे ते साधन होते. ‘असते’चे काम तेव्हा ‘-से’कडे होते.

४/ मग ‘होते’चे ‘असते’ झाले कसे? याचे उत्तर मराठी माणसाच्या जिभेवरही आहे. ‘तू आला नसतास, तर मी बुडालोच होतो!’ या वाक्यात बोलणारा बुडालेला नाही. तरी जोर देण्यासाठी तो ‘होतो’ म्हणतो. लॅटिनमध्येही ही लकब होती.

५/ स्पॅनिशमध्ये याच वाटेने ‘-रा’ आधी अटीच्या वाक्यातील परिणामाच्या भागात स्थिरावले आणि पुढे खुद्द अटीच्या भागातही शिरले. दरम्यान ‘केले होते’साठी ‘आबिआ आमादो’ ही जोडरचना रुळली. सतराव्या शतकापर्यंत ‘-रा’चा जुना अर्थ जवळजवळ मागे पडला होता.

६/ तो पुरता मेला मात्र नाही. रोमँटिक काळातील लेखकांनी जुनेपणाच्या ओढीने तो पुन्हा उचलला. १८४७मध्ये चिलीत प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याकरणात आंद्रेस बेल्यो यांनी या पुनरुज्जीवनावर आक्षेप घेतला: हा जुनाट वापर गोंधळ माजवतो, तो टाळावा. तरीही आजच्या वृत्तपत्रांत ‘एल के फुएरा मिनिस्त्रो’ (जो पूर्वी मंत्री होता तो) अशी वाक्ये छापली जातात. येथे ‘जर’ नाही, शंकाही नाही.

७/ धोका नेमका इथे आहे. जुन्या कागदात ‘-रा’ दिसताच सवयीने ‘राजाने नगर घेतले असते’ असे वाचले, आणि लेखकाला ‘घेतले होते’ असे म्हणायचे असेल, तर एका अक्षरापायी घडलेला वेढा न घडलेला ठरतो. व्याकरणाची चूक येथे इतिहासाची चूक होते.

८/ शेजारच्या पोर्तुगीजमध्ये ‘आमारा’ हे रूप आजही व्याकरणात ‘प्रेम केले होते’ असेच शिकवले जाते. ‘असते’साठी ‘आमास्से’ आहे. मात्र जुन्या पोर्तुगीज लेखनात ‘-रा’ अटीच्या अर्थानेही येते. गोव्यात १९६१पर्यंत पोर्तुगीज ही राज्यकारभाराची भाषा होती. म्हणून स्पॅनिशच्या बळावर गोव्याचे दप्तर उघडणाऱ्या अभ्यासकाने या रूपापाशी दोनदा थांबावे.

९/ मग निवड कोणती? बोलताना निःशंकपणे ‘-रा’. लॅटिन अमेरिकेत त्याचेच राज्य आहे, स्पेनमध्येही तेच अधिक ऐकू येते. ‘किसिएरा उन काफे’ (एक कॉफी हवी होती) अशा विनम्र मागणीत तर ‘-से’ चालतच नाही. मात्र ‘-से’ जुने म्हणून अधिक शुद्ध, किंवा कमी ऐकू येते म्हणून टाकाऊ, हे दोन्ही निवाडे चुकीचे आहेत. स्पेनमधील लेखनात ते आजही जिवंत आहे.

१०/ ‘दोन्ही सारखेच’ हे विधान आजच्या भाषेबद्दल बहुतांशी खरे आहे, पण ती समानता शतकांच्या सरमिसळीतून आली आहे. शिक्षकांनी तक्त्यासोबत एवढी कहाणी पाच मिनिटांत सांगितली, तरी विद्यार्थी जुना मजकूर वाचताना सावध राहील. बोलणाऱ्याने रूप निवडावे. वाचणाऱ्याने आधी कागदाचे साल पाहावे.

(समाप्त)