लेहला उतरताच कामाला जुंपू नका

फॅशनच्या छायाचित्रांसाठी मुंबईहून लडाखला जाणाऱ्या पथकात मॉडेल, छायाचित्रकार, रंगभूषाकार यांच्याबरोबर दिव्यांचे स्टँड आणि रिफ्लेक्टर वाहणारी पोरेही असतात. आपल्या भागातली अशी काही मुले निघण्याआधी माझ्याकडे डायमॉक्स मागायला येतात. सल्फाची अॅलर्जी नसेल तर मी ती लिहून देतो. पण खरी गरज गोळीपेक्षा दोन दिवस स्वस्थ बसण्याची असते.

लेह सुमारे ११,५०० फुटांवर आहे. तिथे श्वासागणिक मुंबईपेक्षा जवळजवळ एकतृतीयांश प्राणवायू कमी मिळतो. विमान काही तासांत पोहोचवते. शरीराला जुळवून घ्यायला ४८ तास तरी हवेत. पण कॅमेऱ्याचे भाडे दिवसावर, मॉडेलच्या तारखा मोजक्या. मग दुसऱ्याच दिवशी पथक पँगाँगला, म्हणजे सुमारे १४,००० फुटांवर! तरणाताठा असण्याचा इथे उपयोग नाही. उलट तोच जास्त धावतो, आणि रोज बुडेल म्हणून डोकेदुखी, मळमळ लपवतो. बसल्याजागी धाप, फेसाळ खोकला, झोकांड्या, असंबद्ध बोलणे दिसले तर प्राणवायू लावून ताबडतोब खाली आणायचे असते. पण पँगाँगहून लेहला परतताना नेहमीच्या रस्त्याने आधी १७,००० फुटांहून उंच चांग ला खिंड ओलांडावी लागते, हे मुंबईत बसून वेळापत्रक आखणाऱ्याला कोण सांगणार?

माझे मत स्पष्ट आहे. विश्रांतीच्या पहिल्या दोन दिवसांची मजुरी निर्मात्याने द्यावी आणि गाडीत प्राणवायूचा सिलिंडर ठेवावा. मुलांनीही हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे; लेहला उतरल्यावर ते कोणी ऐकत नाही.