सूरणाचे फूल आणि वैद्याचे परसदार

वनौषधींचे नाम आणि रूप मेंढपाळ, गुराखी व इतर वनवासी यांनाही ठाऊक असते. देश, काल व पुरुष पाहून त्यांची योजना जो जाणतो तोच खरा वैद्य, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. आज नेमकी उलट स्थिती दिसते. योजना आम्हांस मुखोद्गत आहे, परंतु द्रव्याचे रूप आम्ही विसरत चाललो आहोत.

सूरण हे याचे ठळक उदाहरण होय. ‘अर्शोघ्न’ हा त्याचा पर्याय प्रत्येक वैद्यास पाठ असतो. भावमिश्रांनी कंदशाकांत त्यास श्रेष्ठ स्थान दिले आणि दद्रू, रक्तपित्त व कुष्ठ यांत तो वर्ज्य सांगितला, हेही आपण जाणतो. शार्ङ्गधरोक्त सूरणवटक आपल्या नित्य वापरात आहे. मात्र सूरणाचे फूल प्रत्यक्ष पाहिलेले वैद्य किती? द्रव्यगुणाच्या प्रयोगशाळेत बरणीतील वाळलेल्या चकत्या आणि औषधालयात चूर्णाचे पुडके, एवढ्यावरच आपला परिचय संपतो.

सूरण परसात लावण्यास अनेकजण कचरतात, त्याचे कारण त्या फुलाचा दुर्गंध. वळवाच्या पावसाच्या सुमारास, पान येण्यापूर्वी, मातीतून थेट जांभळट फूल वर येते आणि कुजलेल्या मांसासारखा वास सुटतो. हा वास निरर्थक नाही. मृत प्राण्यांवर जगणारे भुंगे व माश्या त्याने आकृष्ट होतात व परागण घडते. स्त्रीपुष्पे आधी व पुंपुष्पे नंतर पक्व होत असल्याने या कीटकांवाचून बीजधारणा कठीण. दुर्गंधाचा जोर एक-दोन दिवसच असतो. तेवढ्यापुरती कुंडी गच्चीवर नेली की शेजाऱ्यांची तक्रार उरत नाही.

गंमत अशी की, याच कुळातील परदेशी वनस्पतींचे कंद हौशी मंडळी आज आवर्जून मागवतात. सुमात्रा बेटावरील महाकाय टायटन अरमची नोंद इटालियन वनस्पतिज्ञ ओडोआर्दो बेकारी यांनी १८७८ साली केली. १८८९ साली ते लंडनजवळील क्यू उद्यानात प्रथम फुलले. आजही ते कोठे फुलले की पाहण्यास रांगा लागतात. आपले सूरण हे त्याचेच सख्खे भावंड. त्याचे फूल पाहण्यास मात्र आपण परसातही जात नाही.

आमच्या औषधनिर्मात्या बंधूंनी येथे एक सावधगिरी बाळगावी. कोंजॅक या पूर्व आशियाई जातीचे कंद शोभेसाठी विकले जातात आणि त्याचे तंतुमय चूर्ण स्थौल्यावर म्हणून बाजारात येते. वंश एक असला तरी ते सूरण नव्हे. सूरणाच्या जागी ते घालणे म्हणजे शास्त्राशी व रुग्णाशी प्रतारणा होय. खुद्द सूरणातही ग्राम्य व वन्य असा भेद आहे. ‘गजेंद्र’, ‘श्री पद्मा’ यांसारखे शेतीतील वाण खाज कमी असलेले व भाजीस योग्य असतात. वन्य, खाजरा कंद तीक्ष्ण असतो. कोणत्या योगात कोणता घेतला याची नोंद औषधालयाने ठेवावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

लागवड सोपी आहे. मोठी कुंडी, भुसभुशीत माती, भरपूर शेणखत आणि पाण्याचा निचरा एवढे पुरे. डोळा असलेला कंद पावसाळ्यापूर्वी लावावा. एकच छत्रीसारखे पान येते. ते पिवळे पडून कोलमडले की पाणी बंद करून कंद कोरड्या वाळूत ठेवावा. लहान कंद केवळ पान देतो. फुलासाठी काही वर्षे धीर धरावा लागतो. कंद हाताळताना हातास तेल लावावे व मुलांना दूर ठेवावे, कारण त्यातील सुईसारखे ऑक्झलेटचे स्फटिक त्वचा व कंठ यांस दाह करतात. चिंच वा आमसुलाचा संस्कार आपल्या घरांत परंपरेने होतो तो यासाठीच.

कोकणातील शेवळ हीही याच वंशातील. मृगाच्या आसपास तिचे कोवळे फुलोरे काकडाच्या फळांसह जुड्या बांधून विक्रीस येतात. फुलोराच खुडला गेल्यावर बीज कोठून येणार? जंगलावरील हा भार हलका करावयाचा तर कंद परसात वाढविणे हाच मार्ग आहे.

म्हणून प्रत्येक वैद्याने आपल्या चिकित्सालयाच्या अंगणात सूरणाची निदान एक कुंडी ठेवावी, प्रत्येक औषधालयाने एक वाफा राखावा, आणि फूल आले की परिसरातील विद्यार्थ्यांस बोलावून ते दाखवावे. ज्याचे मूळ, पान व फूल आपण पाहिले आहे, ते द्रव्य रुग्णास देताना हात निःशंक राहतो. दोन दिवसांचा दुर्गंध हे त्याचे फार अल्प मोल आहे.