हृदयाचा आलेख आणि हदगावचा रस्ता

मनुष्याचे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देते आणि ज्याचे ते हृदय असते त्याला त्यांची गंधवार्ताही नसते. ती ज्या दिवशी लागते, तो दिवस बहुधा संकटाचा असतो. आता शहरातील सुशिक्षित माणसाने या ठोक्यांवर पहारा ठेवण्यासाठी मनगटावर घड्याळ बांधले आहे. ते नाडी मोजते, ठोक्यांतील अनियमितपणा टिपते आणि प्रसंगी हृदयाचा विद्युत्-आलेखही काढून दाखविते. सकाळच्या फेरफटक्याला निघालेली मंडळी पूर्वी एकमेकांकडे पाऊसपाण्याची चौकशी करीत. आता ती नाडीची करतात. याची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, ज्याच्या मनगटावर असे घड्याळ नाही, अशा हदगाव तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या छातीत मध्यरात्री कळ आली, तर हे नवे शास्त्र त्याच्या कोणत्या उपयोगी पडणार आहे?

हे शास्त्र काल-परवाचे नव्हे. हॉलंडमधील लायडन येथील विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयातील अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह कागदावर उमटविणारे यंत्र सिद्ध केले. त्याचे वजन सुमारे पावणेतीनशे किलो होते, आणि रोग्याला दोन्ही हात व एक पाय खारट पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. एवढे अवजड धूड रुग्णालयात नेणे अशक्य होते. तेव्हा १९०५ मध्ये आइंटहोवेन यांनी रुग्णालयातील रोग्याच्या हृदयाचे संदेश दूरध्वनीच्या तारेवरून दीड किलोमीटर दूर असलेल्या आपल्या प्रयोगशाळेत आणविले आणि तेथे त्यांचा आलेख काढला. म्हणजे रोगी एका ठिकाणी आणि त्याचा आलेख वाचणारा जाणकार दुसऱ्या ठिकाणी, ही कल्पना एकशेवीस वर्षांची जुनी आहे. या कार्याबद्दल आइंटहोवेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आलेख काढणे एक आणि तो वाचणे दुसरे. ईसीजीच्या कागदावरील रेषा म्हणजे एक लिपीच आहे. तीत हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे आकुंचन एका लहान उंचवट्याने, खालच्या कप्प्यांचे एका उंच टोकदार शिखराने आणि नंतरची विश्रांती एका पसरट लाटेने दर्शविलेली असते. शिखर व लाट यांमधील सपाट रेषा अकारण वर उचलली गेली असेल, तर हृदयाला रक्त पुरविणारी रोहिणी गुठळीने बंद झाल्याची ती धोक्याची खूण असू शकते. ही लिपी झटपट व अचूक वाचणारे तज्ज्ञ थोडे, आणि जे आहेत ते मोठ्या शहरांत. म्हणूनच १९५० च्या दशकाच्या अखेरीस वॉशिंग्टनमध्ये ह्यूबर्ट पिपबर्गर यांनी हे वाचन संगणकाला शिकविण्याचा उद्योग आरंभिला. १९८० मध्ये बोस्टन येथे ४७ व्यक्तींच्या हृदयांची अर्ध्या अर्ध्या तासाची ४८ टिपणे, प्रत्येक ठोक्याची तज्ज्ञांकडून नोंद करवून, जगभरच्या संशोधकांसाठी खुली करण्यात आली. मुलांपुढे जशी उजळणीची पाटी, तशी ही संगणकापुढची पाटी ठरली. १९८५ मध्ये जिआपू पॅन व विलिस टॉम्पकिन्स यांनी गोंगाटातून नेमके शिखर हुडकून काढण्याची जी रीत सांगितली, ती आजही प्रमाण मानली जाते. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ५३,५४९ रुग्णांच्या ९१,२३२ टिपणांवर संगणकाला शिकविले, तेव्हा हृदयाचे बारा प्रकारचे ताल ओळखण्यात तो सरासरी हृदयरोगतज्ज्ञाच्या पंक्तीला जाऊन बसला.

आता या विद्वत्तेचा आणि हदगावचा संबंध पाहू. हृदयविकाराच्या झटक्यात मिनिटांना मोल असते. रोहिणी बंद राहिली की हृदयाचा स्नायू मरू लागतो, आणि मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत त्याचा आलेख निघावा, आणि नळी घालून रोहिणी मोकळी करण्याची सोय निदानानंतर १२० मिनिटांत मिळणार नसेल, तर गुठळी विरघळविणारे औषध आहे तेथेच, विनाविलंब द्यावे, असा जगन्मान्य संकेत आहे. आपल्याकडे काय घडते? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीत ८९ रुग्णालयांतील वीस हजारांहून अधिक रुग्णांची नोंद होती. छातीत दुखू लागल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंत गेलेल्या वेळाचा मध्यमान होता ३६० मिनिटे. सहा तास! त्यातला काही वेळ अॅसिडिटीची गोळी घेऊन पाहण्यात जातो, काही गाडी मिळविण्यात आणि काही एका दवाखान्याच्या दारातून दुसऱ्या दारात जाण्यात.

हदगाव नांदेडपासून साठ-पासष्ट किलोमीटर आहे. महामार्गावरील हे गाव तसे आडवळणी म्हणता येणार नाही. परंतु पैनगंगेच्या काठच्या एखाद्या खेड्यातून निघून हदगावला यावयाचे, तेथे ‘नांदेडला घेऊन जा’ हे शब्द ऐकावयाचे आणि पुन्हा रस्त्याला लागावयाचे, यात घटकेमागून घटका सरते. रुग्णाच्या नशिबी येणारा खरा धोका बहुधा या दोन मुक्कामांच्या मधल्या रस्त्यावर दबा धरून असतो. संगणक जर कोठे माणसाच्या कामी यावयाचा असेल, तर तो येथे यावा. तालुक्याच्या ठिकाणी आलेख निघावा, संगणकाने तो क्षणार्धात चाळून धोक्याची खूण वर काढावी, दूरच्या तज्ज्ञाने त्यावर शिक्कामोर्तब करावे आणि औषध हदगावातच रुग्णाच्या शिरेत जावे. मग नांदेडचा रस्ता तोच राहील, पण त्यावरून जाणाऱ्या रुग्णाचे हृदय बरेचसे वाचलेले असेल.

हे स्वप्नरंजन नव्हे. तमिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या केंद्रांना अशाच रीतीने जोडून पाहण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगाच्या निष्कर्षांनुसार, २,४२० रुग्णांच्या त्या अभ्यासात, झटक्यानंतर वर्षभरात होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. शंभरांमागे तीन-साडेतीन माणसे ही संख्या कागदावर लहान दिसते. ज्या घरातील कर्ता पुरुष किंवा आई त्या तिघांत मोडते, त्या घराला ती लहान वाटत नाही. आपल्या राज्यातही ‘स्टेमी’ या नावाने अशा धर्तीची योजना शासनाने हाती घेतली आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तर हातात मावणारे आणि मोबाईलवरून बारा बाजूंचा आलेख धाडणारे टेली-ईसीजी यंत्र स्वतःच घडविले आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्याच्या रस्त्यांवर आहे. सारांश, विद्या आहे, साधन आहे, वाहन आहे. उणीव आहे ती या तिघांची एका ठिकाणी, एका वेळी गाठ घालून देणाऱ्या व्यवस्थेची.

तथापि, यंत्राच्या कौतुकात विवेक हरवता कामा नये. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, हृदयाच्या वरच्या कप्प्यांची थरथर म्हणून संगणकाने निदान केलेल्या २,२९८ आलेखांपैकी १९ टक्के निदाने चुकीची निघाली. त्याहून चिंतेची गोष्ट ही की, काही डॉक्टरांनीही ती न तपासता मान्य केली आणि निरोगी माणसांना नको ती औषधे सुरू झाली. मनगटी घड्याळांविषयी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीतही, घड्याळाने इशारा दिल्यानंतर ज्यांची पट्टी लावून तपासणी झाली, त्यांपैकी ३४ टक्क्यांतच तो विकार त्या वेळी आढळला. हा विकार येतो-जातो, त्यामुळे उरलेले सर्व इशारे खोटेच होते असे नव्हे. पण इशारा म्हणजे निदान नव्हे, हे त्यावरून पुरेसे स्पष्ट होते. उलटपक्षी, झटक्याच्या आरंभी काढलेला आलेख निर्दोषही दिसू शकतो. अशा वेळी ‘यंत्र म्हणते काही नाही’ एवढ्यावर छातीत कळ असलेल्या माणसाला घरी पाठविणे हा गुन्हा ठरेल. गुठळी विरघळविणारे औषधही सरसकट देता येत नाही. रुग्णाला पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला होता काय, हे विचारावे लागते. तो प्रश्न विचारणारा डॉक्टर खाटेजवळ हवा. यंत्राने सुचवावे, निर्णय माणसाने घ्यावा आणि त्याची जबाबदारीही माणसाचीच असावी.

दुसरी गोष्ट अशी की, संगणक जे पाहतो तेच शिकतो. बोस्टन वा कॅलिफोर्नियातील रुग्णांच्या हृदयांवर तयार झालेली बुद्धी मराठवाड्यात जशीच्या तशी लागू पडेल, हे गृहीत धरता येत नाही. मधुमेहाने जखडलेला व्यापारी, भर उन्हात निंदणी करणारी स्त्री, पन्नाशीच्या आतच झटक्याला बळी पडणारा तरुण, या सर्वांवर ती पारखून घेतली पाहिजे. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत छातीतील कळेऐवजी धाप, मळमळ, पाठदुखी अशी लक्षणे पुष्कळदा दिसतात, आणि ‘बाईला अशक्तपणा आहे’ असे म्हणून विषय मिटविला जातो. तिचा आलेख काढलाच गेला नाही, तर जगातील अत्यंत हुशार संगणकही तिला वाचवू शकणार नाही. आणि हे आलेख कोणाचे? ते रुग्णाचे आहेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. गरिबाच्या हृदयाची नोंद त्याच्या संमतीवाचून कोणाच्या व्यापाराचे भांडवल होऊ नये, हे पाहण्याची जबाबदारी शासनाची आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित आहे. २०२३ च्या ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर या दोन तारखांच्या दरम्यान नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. औषधे आणि मनुष्यबळ यांच्या तुटवड्याची चर्चा तेव्हा देशभर झाली. हे आम्ही कोणाला डिवचण्यासाठी स्मरत नाही. रिकाम्या औषधाच्या कपाटापुढे आणि रिकाम्या खुर्चीपुढे ठेवलेला संगणक म्हणजे विहीर कोरडी असताना बसविलेला पंप होय, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. उद्घाटनाची फीत कापून झाल्यावर यंत्राचा कागद संपला, इलेक्ट्रोड झिजले, वीज गेली, अशा क्षुल्लक कारणांनी मोठ्या योजना मरतात.

म्हणून आमची मागणी माफक व मोजता येण्याजोगी आहे. जिल्हा प्रशासनाने तालुक्यागणिक चार गोष्टी दर महिन्याला प्रसिद्ध कराव्या: किती रुग्णांचा आलेख दहा मिनिटांत निघाला, तज्ज्ञाचा अभिप्राय किती मिनिटांत आला, औषध कोठे व केव्हा दिले गेले, आणि किती दिवस यंत्र बंद होते. शाळेतील मुलाचे प्रगतिपुस्तक पालकांना दाखवितात. सरकारी रुग्णालयाचे जनतेला का दाखवू नये?

उरला प्रश्न आपला, म्हणजे हे पत्र चहाबरोबर वाचणाऱ्या शहरी वाचकाचा. आपल्यापैकी कित्येकांचे म्हातारे आईवडील आजही अशाच एखाद्या तालुक्याच्या गावी राहतात. आपल्या मनगटावरील घड्याळ आपला प्रत्येक ठोका मोजीत असते, तेव्हा त्यांच्या ठोक्यांची काळजी वाहणारे कोणी आहे काय, हा प्रश्न पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा तेथील दवाखान्यात जाऊन अवश्य विचारा. आणि छातीत कळ आली तर सहा तास वाट न पाहता १०८ फिरवावयाचा, हे त्यांना सांगून या.