साडेसहाशे रुपये आणि थव्यानं बदकं

काय दोस्तांनो, थंडी पडली ना? मग आपल्या छंदाच्या पिशवीतून या वेळी बाहेर काढू या बदकं!

निमित्त आहे एका पत्राचं. आठवीतली एक मैत्रीण लिहिते, "दादा, आमच्या गावाजवळ धरणाचं पाणी पसरलेलं आहे. थंडीत तिथे थवेच्या थवे उतरतात. मला ते बघायचा नाद लागलाय. भाऊबिजेचे आणि बक्षिसाचे मिळून माझ्याकडे ६५० रुपये साठलेत. जत्रेत एक दुर्बीण बघितली. तिच्यावर ५० × ५० असं लिहिलंय, किंमत ५०० रुपये. घेऊ का? आजोबा सांगतात, पूर्वी इथे साहेब लोक बदकं मारायला यायचे, तेव्हा त्यांच्याबरोबर बैलगाडीभर सामान असायचं. मग माझ्या साडेसहाशेत काय होणार?"

मैत्रिणी, आधी एक काम कर. ते पैसे डब्यात परत ठेव आणि डब्याचं झाकण घट्ट लाव. आता ऐक.

तुझे आजोबा सांगतात ते खरं आहे. इंग्रजी अमदानीत बदकांची शिकार हा बड्या लोकांचा खेळ होता. राजस्थानातल्या भरतपूरला तर १९३८ साली, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो पाहुणे असताना, एका दिवसात ४२७३ पक्षी मारले गेले. आकडा पुन्हा वाचा. एका दिवसात! आज तेच भरतपूर राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९८५ पासून जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आहे. आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचे परवानेही बंद झाले. तेव्हा कुणी "चल, गलोलीनं एखादं पाडू" असं म्हणालं, तर तो गुन्हा आहे हे त्याला खुशाल सांगा.

अमेरिकेत मात्र बदकांच्या शिकारीला आजही परवानगी आहे, पण नियम कडक. सोळा वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिकाऱ्याला दर वर्षी एक खास तिकीट विकत घ्यावं लागतं. ही पद्धत १९३४ साली सुरू झाली. तिकिटाच्या पैशातून पाणथळ जागा विकत घेऊन राखल्या जातात. शिशाचे छर्रे वापरायलाही तिथे १९९१ पासून बंदी आहे. का, माहीत आहे? बदकं अन्न दळण्यासाठी चिखलातले बारीक खडे गिळतात. त्या खड्यांबरोबर पडलेले छर्रेही पोटात जायचे आणि गोळी न लागलेली बदकं शिशाच्या विषानं मरायची.

आता गंमत बघा. बदकाच्या शिकाऱ्याची बैलगाडी रिकामी केली तर काय काय निघेल? बंदूक, काडतुसं, मांड्यांपर्यंत येणारे रबरी बूट, मातकट कपडे, लपायला गवताचा आडोसा, बदकासारखा आवाज काढायची शिट्टी आणि पाण्यावर तरंगणारी खोटी बदकं. ही खोटी बदकं फार जुनी युक्ती आहे हं! अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात लव्हलॉक नावाच्या गुहेत १९२४ साली लव्हाळ्याची विणलेली बदकं सापडली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या आदिवासींनी केलेली होती.

या ढिगातून बंदूक, काडतुसं, शिट्टी आणि खोटी बदकं बाजूला काढा. आपल्याला बदकांना फसवून बोलवायचं नाही. उरलं काय? कपडे, आडोसा, पायातलं आणि गप्प बसण्याची सवय. बदकाजवळ जायची खरी विद्या एवढीच, आणि ती जवळजवळ फुकट आहे.

ब्रिटनचे पीटर स्कॉट तरुणपणी बदकांचे पट्टीचे शिकारी होते. पहाटे चिखलात दबा धरून बसता बसता त्यांना बदकांचा लळा लागला. मग बंदूक सुटली. १९४६ साली त्यांनी स्लिमब्रिज इथे पाणपक्ष्यांसाठी संस्था काढली, आणि पुढे जागतिक वन्यजीव निधीच्या स्थापनेतही त्यांचा वाटा होता. त्या निधीच्या बोधचिन्हातला पांडा आहे ना, तो त्यांनीच रेखाटला. म्हणजे बंदूक गेली, पण दबा धरून बसणं तेवढं कामी आलं!

कपडे. बदकांना रंग चांगले दिसतात. पांढरा शाळेचा शर्ट किंवा लाल स्वेटर घालून गेलात, तर तुम्ही पोचायच्या आत थवा उडालेला असेल. खाकी, मातकट, मळकट हिरवा असं काहीही चालेल. वडिलांचा जुना शर्ट उत्तम. कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात बसायचं असेल तर फिकट पिवळसर बरा. डोक्याला टोपी किंवा जुना पंचा हवाच, कारण काळे केस आणि हलणारं डोकं लांबून उठून दिसतं.

आडोसा. दोन जुनी गोणपाटं उसवून एकमेकांना शिवा. बाभळीच्या किंवा झुडपाच्या कडेला काठ्यांवर ताणा, वर थोडा कडबा खोचा आणि बघायला वीतभर फट ठेवा. उजाडायच्या आत तिथे जाऊन बसा. मग हलायचं नाही! पहिला अर्धा तास काहीच घडत नाही. पाय आखडतात, डास चावतात. आणि मग बदकं आपली आपण जवळ येतात. आणखी एक खुबी सांगतो. सकाळी पाण्याच्या पूर्वेकडच्या काठावर बसा. ऊन तुमच्या पाठीवर येईल आणि समोरच्या बदकांचे रंग लखलखीत दिसतील. पश्चिमेकडे बसलात तर नुसत्या काळ्या आकृत्या!

पायातलं. इथे माझी फजिती सांगतो. कॉलेजात असताना मी ऐटीत रबरी गमबूट घालून उजनीच्या फुगवट्यावर गेलो होतो. पाणी घोटाभर दिसत होतं. चार पावलं टाकली आणि पाचवं पाऊल गुडघ्याच्या वर गेलं. धरणाच्या कडेचा गाळ वरून पापडासारखा सुकलेला असतो, खाली लोणी! बुटात पाणी भरलं, पाय निघेना. ओढावं तर दुसरा पाय आत. मित्रानं काठावर आडवं पडून बांबू पुढे केला, तेव्हा मी बाहेर आलो. एक बूट अजून तिथेच आहे. मित्र बरोबर नसता तर? हा विचार आजही मला आवडत नाही.

म्हणून नियम लिहून घ्या. पाण्यात आणि ओल्या गाळात उतरायचंच नाही. काठावरून बघायचं. ओल्या बांधावरून चालायला जुने, नाडी बांधायचे कॅनव्हासचे बूट पुरतात. ते ओले होतात, पण पायातून निघत नाहीत. हातात खांद्याएवढी काठी हवी, पुढची जमीन टोचून बघायला. एकट्यानं जायचं नाही, आणि कुठे जातोय ते घरी सांगून निघायचं. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्याला शिवायचंही नाही. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो.

आणि आता दुर्बीण. दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ८ × ४० म्हणजे काय? पहिला आकडा, किती पट जवळ. ८० मीटरवरचं बदक १० मीटरवर असल्यासारखं दिसणार. दुसरा आकडा, पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. भिंग मोठं तितका उजेड जास्त. पक्ष्यांसाठी ७ किंवा ८ पट उत्तम, १० पट म्हणजे डोक्यावरून पाणी. त्याच्या पुढे हात इतका थरथरतो की बदक नाचताना दिसतं!

मग जत्रेतली ५० पट? तिची परीक्षा तूच घे. पट्टी घेऊन जा. पुढच्या भिंगाचा व्यास मोज. मग दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे कर. सूर्याकडे मात्र चुकूनही नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो. डोळा लावायच्या भिंगात एक उजळ ठिपका दिसेल. तो मोज. भिंगाच्या व्यासाला ठिपक्याच्या व्यासानं भागलं की खरी पट साधारण कळते. चांगल्या ८ × ४० चा ठिपका ५ मिलिमीटर असतो, कारण ४० भागिले ८ बरोबर ५. जत्रेतल्या दुर्बिणीचं भिंग ३० निघालं आणि ठिपका ७ किंवा ८, तर ती जेमतेम चार पट आहे. मग वर पन्नास लिहा नाही तर पाचशे!

आणखी तीन गोष्टी बघायच्या. हलवून आत काही खुळखुळतं का? लांबच्या दुकानाची पाटी वाचताना अक्षरांना रंगीत कडा दिसतात का? पाच मिनिटं बघून डोळे दुखतात का? एकाचंही उत्तर "हो" आलं तर दुकानदाराला नमस्कार करून निघायचं.

खरी दुर्बीण काही हजारांची असते. पण ती एकट्यानं कशाला घ्यायची? सहा जणांनी महिन्याला १०० रुपये टाकले तर आठ महिन्यांत ४८०० रुपये होतात. तेवढ्याच्या आसपास साधी पण खरी दुर्बीण येते. सहा जणांत एक दुर्बीण पुरते का? पुरते. एक जण बघतो आणि बोलतो, दुसरा लिहितो, बाकीचे मोजतात. दुर्बिणीचा पट्टा मात्र गळ्यात अडकवायचाच!

"पण दादा, तोवर काय?" तोवर डोळे आहेत ना! उथळ पाण्यात पुष्कळ बदकं उघड्या डोळ्यांनीही ओळखता येतात. डोकं पाण्यात आणि शेपूट वर करून चरतं ते उथळ पाण्यातलं बदक. त्याला तळापर्यंत मान पोचली पाहिजे, म्हणून ते काठाजवळच सापडतं. चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी लाल ठिपका दिसला तर हळदीकुंकू. चोच पसरट फावड्यासारखी, पाणी गाळत चाललंय, तो थापट्या. शेपटी लांब, टोकदार, ते तलवार बदक. अंग नारिंगी आणि जोडीनं फिरतात ते चक्रवाक. आणि काळंभोर अंग, कपाळावर पांढरा टिळा? तो वारकरी. तो बदकच नव्हे बरं का, पाणकोंबडीच्या कुळातला! पहाटे कापणी झालेल्या रानातही लक्ष ठेवा. पट्टेरी राजहंस तिथे चरायला येतात. हे हिमालय ओलांडून आलेले पाहुणे असतात.

म्हणूनच शेवटची गोष्ट, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची. एवढ्या लांबून आलेल्या पाखराला थंडीभर खाऊन अंगात चरबी साठवायची असते, परतीच्या प्रवासासाठी. आपण धावत गेलो की थवा उडतो, आणि प्रत्येक उड्डाणाला ती चरबी खर्च होते. बदकांनी चरणं थांबवून माना ताठ केल्या की समजायचं, आपण फार जवळ आलो. तिथेच थांबायचं, हळूच दोन पावलं मागं यायचं. थवा न उडवता घरी परतला तो खरा पक्षिमित्र.

आता तुझा हिशेब. वही-पेन्सिल ४० रुपये, गोणपाट आणि सुतळी ६० रुपये. जत्रेत जाणार होते ते ५०० रुपये, म्हणजे मैत्रिणींच्या सामायिक दुर्बिणीसाठी तुझी पाच महिन्यांची वर्गणी. झाले ६००. उरलेल्या ५० रुपयांचे शेंगदाणे-गूळ घे, कारण पहाटे भूक फार लागते. कपडे, बूट, काठी घरचीच. शाळेच्या किंवा गावाच्या ग्रंथालयात मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' मिळतो का बघ. मराठी नावांचा खजिना आहे तो.

आणि हो, वहीत दर वेळी पाच गोष्टी लिही. तारीख, वेळ, जागा, कोणती बदकं, किती. नाव माहीत नसेल तर चित्र काढ. पाच थंड्यांनी ती वही तुझ्या गावच्या पाण्याचा इतिहास होईल. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगानं मानलेली पाणथळ जागा ठरलं. अशा जागा ओळखल्या जातात त्या वर्षानुवर्षं कुणीतरी काठावर बसून पक्षी मोजले म्हणून. तुझ्या गावचं पाणी अजून कुणी मोजलेलं नसेल, तर सुरुवात तूच कर.

दोस्तांनो, तुमच्या तळ्यावर कोण कोण उतरलंय? आकड्यासकट कळवा हं! पुढच्या वेळी पिशवीतून काढू या पक्ष्यांची वही, तिची पानं कशी आखायची ते. तोवर गप्प बसायचा सराव करा. घरचे खूश होतील!