मेलेल्या किडी मोजू नका

जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा, कापूस लागल्यासारखा पिठ्या ढेकूण दिसला की दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. "पाल्याचे काढे पुरे झाले, दुकानातून जालीम औषध आणा," हा एक. "झाडपाल्याचं काहीही फवारा, अपाय होतच नाही," हा दुसरा. मला दोन्ही सारखेच घातक वाटतात. वनस्पतिजन्य कीडनाशक हे खरोखरीचं औषध आहे, त्याला माप आहे आणि वेळ आहे, हे दोघांनाही मान्य नसतं.

पहिल्या पक्षाची तक्रार अशी : निंबोळी अर्क फवारला, तरी दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंतच. असणारच. कडुनिंबाच्या बीमधलं अ‍ॅझाडिरॅक्टिन अळीला जागच्या जागी मारत नाही. ते तिचं खाणं तोडतं आणि कात टाकण्याची क्रिया बिघडवतं. अळी काही दिवस पानावर दिसते, पण तिची वाढ खुंटलेली असते. तेव्हा मेलेल्या किडी मोजण्यात अर्थ नाही. नव्या पालवीला भोकं पडताहेत का, ते पाहावं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतले कीटकशास्त्रज्ञ एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ च्या सुमारास टोळधाडीत निंबोळीच्या बियांचं पाणी पिकावर फवारून पाहिलं. टोळ पिकावर उतरले, पण त्यांनी ते खाल्लं नाही.

आणि हे सगळं थोतांडच असतं, तर डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकी कंपनी आणि अमेरिकेचं कृषी खातं यांनी निमतेलाच्या बुरशीनाशक वापराचं पेटंट युरोपात कशाला घेतलं असतं? १९९४ मध्ये मिळालेलं ते पेटंट पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लढून २००० मध्ये रद्द करवलं. त्या सुनावणीत पुण्याचे उद्योजक अभय फडके यांची साक्ष मोलाची ठरली. पुढे २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

मग घरोघरी गुण का येत नाही? कृतीत चुकतं. लोक पाला उकळतात. खरा जोर बीमध्ये असतो, आणि उष्णतेनं तोही कमी होतो. शेतकऱ्यांना शिकवलं जाणारं प्रमाण १०० लिटरला ५ किलो निंबोळी पावडर असं आहे. कुंड्यांसाठी १ लिटरला ५० ग्रॅम पुरे. वाळलेली निंबोळी भरड कुटावी, जुन्या सुती कापडात पुरचुंडी बांधून रात्रभर थोड्या गार पाण्यात बुडवून ठेवावी. सकाळी ती त्याच पाण्यात पुन्हा पुन्हा पिळावी. आधी पाणी पिवळसर निघतं, मग दुधट होतं, कडू वास हाताला चिकटून राहतो. पुरचुंडीतून दुधट पाणी निघेनासं होईपर्यंत पिळत राहावं. मग गाळून त्यात २ ग्रॅम साधा साबण विरघळवावा आणि पाणी घालून १ लिटर करावं. साबणामुळे अर्क पानाला धरून राहतो. तो जास्त झाला तर मात्र पानं करपतात. फवारणी संध्याकाळी करावी, कारण उन्हात हे द्रव्य टिकत नाही. पानाची खालची बाजू भिजली पाहिजे, मावा आणि पांढरी माशी तिथेच दडतात. उरलेला अर्क बाटलीत भरून ठेवू नये. केला त्याच दिवशी संपवावा.

आता दुसरा पक्ष. झाडपाला म्हणजे निर्धोक, ही समजूत मला जास्त भीतीदायक वाटते, कारण ती प्रेमापोटी पसरते. तंबाखू वनस्पतीच आहे, पण तिच्यातलं निकोटिन जहाल विष आहे. निकोटिन सल्फेटच्या कीडनाशकावर आपल्या देशात बंदी आहे. दहा झाडांच्या पाल्याच्या दशपर्णी अर्कात कण्हेर पडते, आणि कण्हेरीनं माणूस दगावतो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. निमतेल पोटात गेल्यानं तान्ही मुलं गंभीर आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. म्हणून दशपर्णीचा पाला कुटताना हातमोजे हवेत, बाटलीवर ठसठशीत चिठ्ठी हवी, आणि ती बाटली सरबताची नसावी.

"दोन्हीकडे विषच, तर रासायनिक काय वाईट?" असंही विचारतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले. त्या जातीची औषधं चार कुंड्यांतल्या मिरचीसाठी स्वयंपाकघराच्या खिडकीत आणून ठेवायची गरजच काय?

आणि प्रत्येक वेळी फवारायलाच हवं असंही नाही. पिठ्या ढेकणाच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात. मुंग्यांची वाट तोडली की ढालकिड्यांना तो खायला मोकळा मिळतो. डासांचंही तेच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यात वाढतो. तिथे कुठलाही अर्क नको, आठवड्यातून एकदा ताटली घासून कोरडी करा.

अर्क लागलाच, तर त्यासाठी निंबोळ्या मात्र वेळेवर वेचाव्या लागतात. पावसाच्या तोंडावर सोसायट्यांच्या आवारात त्यांचा सडा पडतो आणि झाडूवाले तो कचऱ्याच्या गाडीत भरतात. यंदा सोसायटीच्या बैठकीत हा विषय मांडा. दोन-तीन घरांनी मिळून त्या वेचाव्यात, गर धुऊन काढावा, बिया सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत त्यांना बुरशी धरते.