मायलेज पडलं? गाडी बदलण्याआधी गळती शोधा



उरणमध्ये नवीन धंदा सुरू करणारे बरेच जण मालासाठी जुनी छोटी गाडी घेतात. ओम्नी, वॅगनआर, सँट्रो, नाहीतर मारुती ८००. माझ्या मते सुरुवातीला हाच शहाणपणाचा सौदा आहे. पण काही महिन्यांत तक्रार येते, "दादा, गाडी खूप पेट्रोल पिते." आणि लगेच पुढचा विचार: नवीन सीएनजी गाडी, हप्त्यावर. माझं म्हणणं इथेच वेगळं आहे.

आधी सांगा, खूप म्हणजे किती? टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, रोजच्यासारखी गाडी चालवा. मग त्याच पंपावर परत फुल करा. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. असं तीनदा करा. पेट्रोलच्या काट्यावरून अंदाज नको.

आता हिशोब बघा. रोज ४० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १,०४० किलोमीटर. १६ चं मायलेज असेल तर ६५ लिटर लागतं, ११ असेल तर जवळपास ९५. लिटरला १०५ रुपये धरले तर महिन्याला साधारण ३,१०० रुपये जादा. ही गळती बंद करायला ९,००० चा हप्ता लावून घेणं, हा कुठला धंदा?

लोक म्हणतात, इथेनॉलमुळे झालं. थोडं खरं आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ई-२० मुळे ६ ते ७ टक्के घट धरली आहे. म्हणजे १६ चं १५ होईल. ११ झालं असेल, तर बाकीचं कारण तुमच्या गाडीत किंवा चालवण्यात आहे.

ते शोधताना फुकटातून महागाकडे जा:

१. उभी गाडी: बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या रांगेत इंजिन चालू ठेवून थांबलात, की मायलेज शून्य. वेळ बदलून बघा.

२. टायर: हवा गाडी थंड असताना, कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे. गाडीत कायम पडून असलेला माल पण उतरवा.

३. ब्रेक: खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो. फार ब्रेक न मारता थोडं चालवा, मग चाकांजवळ हात न्या. हात लावू नका, भाजेल. एकच चाक जास्त तापलं असेल, तर तिथे ब्रेक चिकटतोय.

४. एअर फिल्टर: कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत हा चोंदला की पेट्रोल जास्त जातं. इंजेक्शनवाल्या गाडीत मुख्यतः पिकअप मरतो.

५. थर्मोस्टॅट: गाडी तापते म्हणून काही गॅरेजवाले तो काढूनच टाकतात. मग इंजिन नीट गरम होत नाही, आणि इंजेक्शनच्या गाडीचा कॉम्प्युटर इंजिन थंड समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो. तापमानाचा काटा नेहमी खालीच राहतो का, बघा.

६. यानंतरच प्लग, क्लच आणि ऑक्सिजन सेन्सर. सेन्सर बदलायच्या आधी स्कॅन करून घ्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परत मोजा. चार पार्ट एकदम बदलले तर मायलेज सुधारेल कदाचित, पण कशामुळे ते कळणार नाही. पुढच्या वेळी परत चारही पार्टचे पैसे जातील.

एक अट मात्र आहे. इंजिन ऑइल जाळत असेल, पत्रा खालून सडला असेल, तर जुनीला चिकटून बसू नका. दुरुस्तीचं कोटेशन घ्या, ते वाचणाऱ्या पैशाने भागा. सहा महिन्यांत वसूल होत असेल तर दुरुस्त करा, नाहीतर विका.

दुकानातही हेच चालतं. नफा कमी झाला की आपण नवीन माल, नवीन बोर्ड, नवीन कर्ज शोधतो. त्याआधी वही काढा आणि पैसा नेमका कुठे जिरतोय ते बघा. आजच टाकी फुल करा आणि पहिला आकडा लिहा.