शिवथरची राखण आणि लाखाची दुर्बीण

दसरा-दिवाळीच्या सुमारास शिवथर खोऱ्यात हळवे भात कापणीला येते, गरवे पिवळे पडू लागते, आणि दिवसभर शेतात राबलेल्या शेतकऱ्याची रात्रपाळी सुरू होते. कसबे, आंब आणि कुंभे या तिन्ही शिवथरांच्या अंगावर सह्याद्रीचा कडा उभा आहे. रान शेताच्या बांधापर्यंत आलेले आहे. त्या रानातून रात्री रानडुकरांचा कळप उतरतो आणि चार महिन्यांची मेहनत एका प्रहरात लोळवून जातो. डुक्कर जेवढे खाते त्याहून अधिक तुडवते. म्हणून माच बांधायचा, शेकोटी पेटवायची, पत्र्याचे डबे बडवायचे आणि पहाटेपर्यंत हाकारे घालायचे, ही राखण पिढ्यान् पिढ्या चालू आहे. फरक एवढाच पडला की पूर्वी माचावर घरातला तरणा मुलगा बसे. आज तो मुंबईला, पुण्याला किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर असतो आणि माचावर त्याचा म्हातारा बाप खोकत बसलेला असतो.

या अंधारात आता एक नवे यंत्र येऊ पाहत आहे. हातात धरून पाहावयाची थर्मल दुर्बीण बाजारात मिळते. तिला चांदणे लागत नाही, दिवा लागत नाही. प्रत्येक उबदार देहातून जी उष्णता बाहेर पडते, तिचेच ती चित्र बनविते. बऱ्या दर्जाच्या उपकरणाची किंमत लाखाच्या घरात जाते आणि जाहिरातीत ते शिकाऱ्याचे साधन म्हणूनच विकले जाते. साहजिकच परवान्याची बंदूक बाळगणारे आणि सुटीला शहरातून येणारे हौशी यांच्यात कोणती दुर्बीण घ्यावी, किती दूरचे दिसते, याचीच चर्चा अधिक. हा प्रश्न हौशी मंडळींवर सोपवून स्वस्थ बसणे शेतकऱ्यांच्या चळवळीला परवडणारे नाही. दुर्बीण कोणती, या प्रश्नाच्या पोटात ती कोणाच्या हाती आणि कशासाठी, हा प्रश्न दडलेला आहे.

प्रथम कायद्याची स्थिती स्पष्ट असावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आरंभी शिकारीच्या परवान्यांना जागा होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. तेव्हापासून या देशात हौसेची शिकार हा गुन्हा आहे. रानडुक्कर आज या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. विनापरवाना ते मारणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र याच कायद्याच्या अकराव्या कलमाने उभ्या पिकाला धोकादायक ठरलेले जनावर मारण्याची लेखी परवानगी देण्याचा अधिकार वनाधिकाऱ्यांना दिलेला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत ही परवानगी देण्याची रीत सुलभ केली. अशा परवानगीने मारलेले जनावरही शासनाची मालमत्ता ठरते. ते वाटून खाण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. तात्पर्य, कायद्याने ठेवलेली वाट पीकरक्षणाची आहे, मौजेची नव्हे. आणि यंत्राची निवडही याच कसोटीवर व्हावयास हवी.

आता यंत्राविषयी. विक्रेता ग्राहकाला पहिली गोष्ट सांगतो ती अंतराची: एक हजार मीटरवरचे जनावर दिसते! हे विधान खोटे नसते, आणि तेच अधिक धोक्याचे आहे. ‘दिसते’ याचा अर्थ तेथे काहीतरी उबदार आहे एवढाच. जॉन जॉन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ साली मांडलेल्या आणि आजही वापरात असलेल्या ठोकताळ्यानुसार, एखादी वस्तू तेथे आहे हे कळण्यास चित्रात तिच्या उंचीवर सुमारे दोन ठिपके पडावे लागतात. ती कोणत्या जातीची आहे हे ओळखण्यास सुमारे आठ, आणि नक्की कोण हे ठरविण्यास सुमारे तेरा ठिपके लागतात. शिवाय हे आकडे निम्म्या खात्रीचे आहेत. म्हणजे दहा वेळा पाहिले तर पाच वेळा ओळख पटेल, एवढेच त्यांचे म्हणणे.

हा हिशेब शिवथरच्या शेतावर मांडून पाहावा. बाजारात सामान्यतः चांगली समजली जाणारी दुर्बीण ३८४ गुणिले २८८ ठिपक्यांची, १२ मायक्रॉनच्या ठिपक्याची आणि २५ मिलिमीटर भिंगाची असते. तिच्यातून शंभर मीटरवर एक ठिपका सुमारे पाच सेंटिमीटर जागा व्यापतो. पाऊण मीटर उंचीच्या रानडुकरावर शंभर मीटरवर पंधराएक ठिपके पडतील, दोनशे मीटरवर आठच्या आत-बाहेर, आणि पाचशे मीटरवर केवळ तीन. भातात वाकून फाटलेला बांध पाहणारा माणूसही जवळजवळ तेवढ्याच उंचीचा असतो. म्हणजे हजार मीटरच्या जाहिरातीतील या यंत्राला दोनशे मीटरवर डुक्कर आणि माणूस यांत नाणेफेकीइतकाच फरक कळतो. स्वस्त उपकरणात दहा मिलिमीटरचे भिंग असेल, तर शंभर मीटरवरच ठिपका बारा सेंटिमीटरचा होतो आणि डुकरावर सहाच ठिपके पडतात. बटण दाबून चित्र मोठे केल्याने ठिपके मोठे होतात, वाढत नाहीत. म्हणून घेणाऱ्याने विचारावयाचा पहिला प्रश्न ‘किती दूरचे दिसते’ हा नसून ‘किती अंतरावर ओळखता येते’ हा आहे. त्याचे उत्तर विक्रेत्याच्या तोंडून न घेता, ठिपक्याचा आकार आणि भिंग यांच्या हिशेबातून काढावे आणि मग अंधारात शेतावर पडताळून पाहावे.

दुसरी गोष्ट कोकणच्या हवेची. पावसाची सर, धुके, ओले रान आणि ओली माती यांत उष्णतेचा फरक पुसट होतो. म्हणून तापमानाचा सूक्ष्म भेद टिपण्याची क्षमता महत्त्वाची. हा आकडा मिलिकेल्विनमध्ये देतात आणि तो जितका लहान तितका चांगला. २५ म्हणजे एका अंशाचा चाळिसावा भाग. पण कोणताही आकडा पानाआड पाहू शकत नाही. झुडपामागचे जनावर या दुर्बिणीला दिसत नाही. दिसतो तो फटीतून डोकावणारा उबेचा तुकडा, आणि तुकड्यावरून देह ओळखणे हाच तर अपघाताचा आरंभ. दिवसभर तापलेला कातळ सांजवेळी बराच वेळ उजळ दिसत राहतो, हेही नवख्याने ध्यानात ठेवावे. चित्र सेकंदाला ९ वेळा बदलणाऱ्या उपकरणात पळते जनावर अडखळत सरकते, ५० वेळा बदलणाऱ्यात ते सलग दिसते. बॅटरी काढून दुसरी घालता यावी, पाण्यापासून संरक्षण असावे, आणि वेळ-तारखेसह चित्रमुद्रण व्हावे. ही शेवटची सोय हौशाला फुकटची वाटेल. शेतकऱ्याला तीच सर्वांत मोलाची आहे.

अंधारात ओळख चुकण्याची किंमत काय असते, हे कोकणपट्टीला नवे नाही. २०२५ च्या आरंभी पालघर जिल्ह्यात मनोर परिसरातील रानात शिकारीस गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाच्या गोळीने, रानडुक्कर समजून, त्यांचाच सोबती ठार झाला. यंत्र असते तर हे टळले असते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण यंत्र बंदूकवाल्याचा संशय जितका घालवते, तितकाच त्याचा आत्मविश्वास वाढवते. अंधार होता म्हणून जो थांबला असता, तो ठिपका दिसला म्हणून चाप ओढतो. यवतमाळ जिल्ह्यात तेरा माणसांच्या मृत्यूस कारण मानल्या गेलेल्या ‘अवनी’ वाघिणीच्या शोधात शासनाने उष्णता टिपणारे ड्रोन आकाशात फिरविले होते. तरीही २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती एका खासगी नेमबाजाच्या गोळीने मेली आणि नियम पाळले गेले की नाही, हा वाद मागे राहिला. यंत्राने जनावर सापडू शकते. निर्णयाची जबाबदारी यंत्र घेत नाही.

यावर शेतकरी रास्तपणे विचारील, की तुमचा हा विवेक ठीक, पण माझ्या भाताचे काय? हा प्रश्न टाळून वन्यप्राण्यांच्या प्रेमाचे प्रवचन झोडणे, हा शहरी सुखवस्तूंचा धंदा आहे. चळवळीने तो करू नये. रानातला समतोल टिकविण्याचा खर्च देशाने सोसावयाचा असेल, तर तो दीड-दोन एकराच्या धन्याच्या पानातून काढून घेणे हा अन्याय आहे.  पंतप्रधान पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांच्या उपद्रवाचे संरक्षण खरीप २०२६ पासून देण्याची घोषणा केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली. अट अशी, की बहात्तर तासांच्या आत ठिकाणाच्या नोंदीसह छायाचित्रे पाठवून नुकसान कळवावे. ज्याच्या वाडीवर मोबाइलची लहर येते-जाते आणि ज्याचा मुलगा परगावी आहे, त्या म्हाताऱ्याने हे कसे करावयाचे, हे मात्र घोषणेत नाही. वनखात्याच्या भरपाईलाही पंचनामा लागतो, आणि पंचनाम्याला पुरावा.

येथेच त्या दुर्बिणीचा खरा उपयोग आहे. माचावर बसलेल्याला कळप बांधावर पोचण्याआधी दिसला, तर तो वेळीच हाकारा घालू शकतो; रात्रभर घसा कोरडा करण्याची गरज उरत नाही. किती जनावरे आली, कोणत्या वाटेने, कोणत्या वेळी, याची तारखेसह नोंद राहिली, तर सकाळी येणाऱ्या अधिकाऱ्यापुढे शेतकरी रिकाम्या हाताने उभा राहत नाही. कुंपण कोणत्या बाजूला घालावे, हेही त्या नोंदीवरून ठरते. आणि परवानगीने जनावर मारणे अटळच झाले, तर मारणारा एक आणि पाहून ओळख पटविणारा दुसरा, अशी विभागणी करता येते. म्हणून निवड बंदुकीवर बसविण्याच्या यंत्राची नव्हे, हातात धरण्याच्या यंत्राची व्हावी. ज्याला पाहण्यासाठी नळी रोखावी लागते, तो प्रत्येक उबदार देहावर आधी बंदूक रोखतो आणि मग विचार करतो.

असे उपकरण एकट्या शेतकऱ्याने घेणे अशक्य आहे, आणि ते एकट्याने घेऊही नये. लाखाची वस्तू कर्ज काढून घेतली, की तिची वसुली करण्याची ओढ लागते. आणि रानात ती वसुली कशी होते, हे सांगावयास नको. पकडला गेला, तर तुरुंगात फासे लावणारा कातकरी जातो. दुर्बीणवाला मोटारीने निघून गेलेला असतो. म्हणून खोऱ्यातील ग्रामसभांनी ठराव करून मागणी करावी, की वनखात्याने किंवा जिल्हा नियोजनाच्या निधीतून अशी दोन-तीन उपकरणे गावांच्या मालकीची द्यावीत. ती ग्रामपंचायतीत नोंदवहीवर राहावीत, राखणीच्या पाळीप्रमाणे वाड्यांनी वापरावीत, पंचनाम्यासाठी त्यांची नोंद ग्राह्य धरावी, आणि शिकारीला ती देणाऱ्यावर गावानेच कारवाई करावी. खरेदीपूर्वी चाचणी शिवथरच्या शेतात, पावसाळी रात्री, शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत व्हावी. कचेरीच्या टेबलावर नव्हे.

एवढ्याने डुकरे कमी होतील, असा भ्रम मात्र कोणी बाळगू नये. शेती परवडत नाही म्हणून माणसे गेली, माणसे गेली म्हणून वरकस जमिनी ओसाड पडल्या, नाचणी-वरीच्या उतारांवर झाडोरा माजला, आणि त्या झाडोऱ्यात एका विणीत चार-सहा पिले देणाऱ्या जनावराला घर मिळाले. रानडुकराचा प्रश्न हा मुळात स्थलांतराचा प्रश्न आहे. भाताला भाव आणि तरुणाला गावात काम मिळाल्याशिवाय त्यावर कायमचा उपाय नाही. दुर्बीण ही तोवरची राखण आहे.

सरकार ऐकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी शिरूर-आंबेगावकडे पाहावे. बिबट्याच्या हल्ल्यांत बळी गेले, तेव्हा २०२५ च्या नोव्हेंबरात तेथील लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला, आणि मग उष्णता टिपणारे ड्रोन व नेमबाज यांसह सारी यंत्रणा पिंपरखेडच्या शिवारात उतरली. शिवथरच्या भातात माणूस मेलेला नाही, म्हणून तेथे यंत्रणा उतरत नाही. माणूस मरेपर्यंत थांबावयाचे की त्याआधी मागावयाचे, एवढाच निर्णय आहे. शिवथरचा तालुका महाड आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला होता. पण चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ ला, हजारो माणसे बाबासाहेबांच्या मागे चालत गेली तेव्हा. त्या लढ्याशी भाताच्या राखणीची बरोबरी कोणी करणार नाही. परंतु कागदावरचा हक्क चालत गेल्याशिवाय हाती येत नाही, हा धडा याच तालुक्याने देशाला दिला आहे. २०१५ ची परवानगी, २०२६ चा विमा आणि वनखात्याची भरपाई हे तीनही हक्क आज कागदावर आहेत. पुढच्या खरिपाआधी कार्यकर्त्यांनी खोऱ्यातील प्रत्येक वाडीवर ग्रामसभेचा ठराव घेऊन जावे, आणि भात पोटरीत येण्यापूर्वी तो महाडच्या कचेरीत पोचवावा.